कोणतं भोकरदन?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास काकांची मोटारसायकल घसरली. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. फोन आला तो काकांसोबत असलेल्या एका ओळखीच्या माणसाचा. रेंज तुटत होती, मागे पावसाचा आवाज. तो म्हणाला, "घाबरू नका, पाय मोडला आहे, पण नागपूरला न्यायची गरज नाही, पांढुर्ण्यातच होऊन जाईल." फोन कटला. मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं : 'काका पडले. पायाला लागलं. पांढुर्ण्याला ॲडमिट आहेत.'

बाबा आणि दादा, म्हणजे काकांचा मुलगा, गाडी काढून पांढुर्ण्याला गेले. शहरातले दवाखाने एकेक करून पाहिले. काका कुठंच नव्हते. ते होते सौंसरला. फोन करणाऱ्याच्या मनात 'पांढुर्णा' म्हणजे पांढुर्णा जिल्हा होता. बाहेर कुठं नाही, आपल्याच जिल्ह्यात, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी ते शहर समजले. आमचं गाव दोन्हींच्या मधे आहे, त्यामुळे गाडी बरोबर उलट्या दिशेला गेली. काका आता बरे आहेत. पण त्या रात्रीचा विषय निघाला की म्हणतात, "दोन घंटे छताचा पंखा पाहून राह्यलो होतो मी. कोणी येते का नाही, तेच समजे ना."

आमच्याकडची ही अडचण तशी नवी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यातली तहसिलं होती. मग ती वेगळी काढून पांढुर्णा जिल्हा झाला. तेव्हापासून पांढुर्णा हे एक शहर आहे, एक तहसील आहे आणि एक जिल्हाही आहे. सौंसरचा माणूस पांढुर्ण्याचा आहे आणि नाहीही. नाव एक, जागा तीन.

त्या रात्री दादा माझ्यावर रागावला नाही. तो सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये अधिकारी होण्यासाठी तयारी करतो आहे. तो एवढंच म्हणाला, "बातमी तुझ्यापर्यंत पोचली. तुझ्याकडून आमच्यापर्यंतही पोचली. मधे ती कोणी तपासली नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी, शब्दांचे अर्थ लावणं हा माझा अभ्यास, आणि मीच एका शब्दाचा अर्थ चुकवला होता. म्हणून मंडळाच्या या अंकासाठी मी बातमी पोचवणाऱ्या आणि बातमीचा अर्थ लावणाऱ्या लोकांविषयी वाचायला घेतलं. वाचता वाचता मी अशा एका माणसापाशी पोचले, ज्याचं नाव आपण कॉलेजच्या पाटीमुळे ओळखतो, पण ज्याने कामाची खरी सुरुवात बातम्या गोळा करण्यातून केली.

दोन कामं, दोन माणसं

दादाने सिग्नल कोअरचं नाव घेतलं तेव्हा आजी म्हणाली होती, "सिग्नल म्हंजे टेसनावरचा का रे बापू?" आजीचं फारसं चुकलं नव्हतं. स्टेशनावरचा सिग्नलही निरोपच देतो : थांब, किंवा ये. सैन्यातली सिग्नल शाखा हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. सेनापतीचा हुकूम शेवटच्या चौकीपर्यंत आणि चौकीची खबर सेनापतीपर्यंत, वेळेत, न बदलता आणि शत्रूच्या कानावर न पडता पोचवायची. तारयंत्र, टेलिफोन, वायरलेस, आता उपग्रह आणि संगणक. साधनं बदलली, काम तेच राहिलं. भारतात ही शाखा १५ फेब्रुवारी १९११ रोजी सुरू झाली.

दुसरं काम गुप्तवार्तेचं. आलेली खबर खरी किती, कोणी दिली, का दिली, तिचा अर्थ काय, हे ठरवायचं. भारतीय सैन्याची इंटेलिजन्स कोअर १ नोव्हेंबर १९४२ ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन मध्यातली. तिचं प्रशिक्षण केंद्र आज पुण्यात आहे.

पहिला माणूस विचारतो, 'निरोप पोचला का?' दुसरा विचारतो, 'निरोपाचा अर्थ काय?' आज ही दोन वेगळी खाती आहेत. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ही दोन्ही कामं बऱ्याचदा एकाच तंबूत चालत.

हरकाऱ्यांचा तंबू

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा जन्म १७७९ चा, स्कॉटलंडमधला. १७९६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला उतरला. तो शिपाई नव्हता, कंपनीचा मुलकी नोकर होता. १७९९ च्या जानेवारीत बनारसला वजीर अलीने इंग्रज रेसिडेंटला मारलं, त्या दंग्यातून तो घोड्यावरून निसटला. पुढे त्याला पुण्याला, पेशव्यांच्या दरबारातल्या रेसिडेंटचा सहायक म्हणून पाठवलं.

१८०३ मध्ये कंपनीचं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध सुरू झालं. दख्खनमधल्या इंग्रज फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्याजवळचा राजकीय अधिकारी जॉन माल्कम आजारी पडला आणि त्याच्या जागी तेवीस वर्षांचा एल्फिन्स्टन आला. म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. त्याच्याकडे आलेलं काम होतं दुभाष्याचं आणि बातम्यांचं.

बातम्या आणत कोण? हरकारे. मराठी कागदपत्रांत त्यांच्यासाठी पुष्कळ शब्द आहेत : जासूद, काशीद, हरकारा, नजरबाज, सांडणीस्वार. यातला कोणी फक्त पत्र पोचवायचा, कोणी पाहून यायचा, कोणी दोन्ही करायचा. शत्रूच्या छावणीजवळ जायचं, बाजारात, पाणवठ्यावर, बैल हाकणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यात बोलायचं, आणि रातोरात परत येऊन सांगायचं. त्यांना वाचता येत असो नसो, स्मरणशक्ती पक्की लागायची. पकडलं गेलं तर जीव जायचा.

वेलस्लीने या हरकाऱ्यांच्या वेगवेगळ्या शाखा ठेवल्या होत्या. एका शाखेच्या लोकांनी दुसऱ्या शाखेशी बोलायचं नाही. त्यांच्या प्रमुखांनी आपापली खबर थेट सेनापतीला सांगायची. कारण सोपं आहे. तीन जण एकाच पारावर बसून आले तर तिघांची गोष्ट एकच निघते आणि आपल्याला वाटतं, तीन साक्षी मिळाल्या. खरं तर साक्ष एकच असते, तिघांनी सांगितलेली. आज व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाच ग्रुपमधून आला की तो आपल्याला पाचपट खरा वाटतो, ती हीच चूक.

एल्फिन्स्टनने या मोहिमेतून आपला मित्र एडवर्ड स्ट्रेची याला पत्रं लिहिली. त्या पत्रांतून छावणीचा दिनक्रम कळतो : सकाळची कूच, मग तंबू, मग कामकाज. या माणसाला ग्रीक आणि फारसी काव्य वाचायची आवड होती. तो आयुष्यभर वाचत राहिला. मला ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. कविता वाचणारा माणूस एका शब्दाचे दोन अर्थ असू शकतात हे मनात धरून वाचतो. हरकाऱ्याचं बोलणं ऐकतानाही तेच लागतं.

पण तेवढं धरूनही एकदा घात झालाच.

२३ सप्टेंबर १८०३

शिंदे-भोसल्यांची फौज आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला होती. वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या दोन फौजा होत्या. २१ तारखेला बदनापूरला दोघे भेटले आणि ठरलं : दोघांनी वेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. खबर होती की शत्रू भोकरदनला आहे. त्या हिशोबाने २३ तारखेला वेलस्ली मुक्कामाच्या गावी पोचला तेव्हा शत्रू अजून बराच लांब असायला हवा होता.

मुक्कामावर कळलं की सगळी फौज सहा मैलांच्या आत आहे.

झालं काय होतं? हरकारे खोटं बोलले नव्हते. त्यांनी 'भोकरदन' म्हटलं. पण भोकरदन हे गावाचं नाव होतं आणि आजूबाजूच्या सगळ्या मुलखाचंही. मराठ्यांच्या छावणीचं एक टोक भोकरदनजवळ होतं आणि तिथून ती केळणा नदीच्या काठाने असईपर्यंत पसरली होती. मुलखाच्या माणसाच्या दृष्टीने ते सगळं भोकरदनच. ऐकणाऱ्या साहेबांनी नकाशावर एक ठिपका काढला. वेलस्लीने नंतर आपल्या पत्रांत ही चूक स्वतः सांगितली आहे. मधे मराठ्यांच्या घोडदळाचा असा पडदा होता की त्याला स्वतः पुढे जाऊन छावणी पाहणंही अवघड होतं.

आता दोनच वाटा उरल्या : स्टीव्हन्सनची वाट पाहायची, किंवा आहे तेवढ्या फौजेनिशी लगेच भिडायचं. त्याने भिडायचं ठरवलं. पण मधे केळणा नदी. वाटाड्यांना विचारलं, उतार कुठं आहे? ते म्हणाले, इथं उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. त्याने अंदाज बांधला : दोन गावं इतक्या जवळ समोरासमोर वसली आहेत, म्हणजे इकडची माणसं तिकडे जात असणार. उतार असलाच पाहिजे. आणि तो होता.

एकाच दिवशी दोन उलट गोष्टी घडल्या, म्हणून मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. सकाळी सांगणाऱ्याचं खरं होतं आणि ऐकणाऱ्याचं चुकलं. दुपारी सांगणाऱ्यांचं चुकलं आणि पाहणाऱ्याचं खरं निघालं. म्हणजे 'स्थानिक माणूस सांगतो ते खरं' हाही नियम नाही आणि 'तो सांगतो ते खोटं' हाही नाही. बातमी ज्या वाटेने आली त्या वाटेवर मागे जाऊन विचारावं लागतं : याने स्वतः पाहिलं का? कुठून पाहिलं? हा शब्द त्याच्या गावात कशाला म्हणतात? कोणतं भोकरदन?

असईची लढाई कंपनीने जिंकली, पण फार महाग. तिच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांहून जास्त होते. मराठ्यांकडची हानीही मोठी होती. वेलस्लीने पुढे आयुष्यभर या लढाईला आपल्या सर्वांत कठीण लढायांत धरलं. एका शब्दाच्या दोन अर्थांनी लढाईचा दिवसच बदलला होता. २४ ची लढाई २३ ला झाली आणि स्टीव्हन्सनची फौज तिथं नव्हतीच.

हे आमच्या मुलखाचं काय लागतं?

असईनंतर २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, मग १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांना सही करावी लागली. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. पूर्वेचा मुलूख, ज्यात पांढुर्णा-सौंसरचा भाग येतो, भोसल्यांकडेच राहिला. आमचा भाग आधी देवगडच्या गोंड राजांचा, मग भोसल्यांचा, नंतर इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, तहसिलात हिंदी. आमच्याकडचं प्रत्येक पोर लहानपणापासून आजीचा दुभाषी असतं.

तहानंतर नागपूरला कंपनीचा रेसिडेंट नेमला गेला. तो होता एल्फिन्स्टन, वय पंचवीसही पूर्ण नव्हतं. १८०४ ते १८०८ तो नागपूरला होता. मोहिमेत वेलस्ली त्याच्याबद्दल म्हणाला होता की हा चुकून मुलकी खात्यात आला, याने शिपाईच व्हायला हवं होतं. पण आता त्याचं काम दरबारात बसून ऐकायचं होतं. रेसिडेंट म्हणजे नावाला वकील, पण त्याच्या कामाचा मोठा हिस्सा बातम्यांचा : राजाकडे कोण येतं, कोणाला पत्र जातं, फौज कुठं हलते.

इथं मला थांबावंसं वाटतं. एल्फिन्स्टनबद्दल आपल्याकडे दोन्ही प्रकारचं लिहिलं जातं. मुंबईचा गव्हर्नर म्हणून (१८१९ ते १८२७) त्याने शिक्षणाला चालना दिली, मराठी पाठ्यपुस्तकांना आधार दिला, त्याच्या नावाने कॉलेज उभं राहिलं. हे खरं आहे. आणि आपल्याच मुलखातल्या माणसांच्या तोंडून बातम्या घेऊन त्याने मराठी सत्ता संपवायला मदत केली, हेही खरं आहे. यातलं काय मोठं, हा वाद इथं नको. मला खटकतं ते वेगळंच. त्याचं नाव निदान कॉलेजच्या पाटीवर लागलं. 'भोकरदन' म्हणणाऱ्या त्या हरकाऱ्याचं नाव कोणत्याच पाटीवर नाही. त्याने जीव धोक्यात घालून आणलेली खबर बरोबर होती. इतिहासात मात्र ती 'हरकाऱ्यांची चुकीची बातमी' म्हणूनच येते.

खिडकीखालचं गाणं

१८११ मध्ये एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट झाला. त्याआधी तो काबूलच्या शहाला भेटायला पेशावरपर्यंत जाऊन आला होता. त्या प्रवासात गोळा केलेल्या माहितीवर त्याने १८१५ मध्ये अफगाणिस्तानावर मोठा ग्रंथ छापला. पुण्यात त्याचं बातम्यांचं जाळं इतकं पक्कं होतं की दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात काय शिजतंय ते त्याला बहुधा आधीच कळायचं. बाळाजीपंत नातूंचं नाव मराठी माणसाला अजून बोचतं ते याच कारणाने.

पण याच काळात त्याला चकवणारी एक गोष्ट घडली आणि साहित्य मंडळाच्या वाचकांना ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८१५ मध्ये पंढरपूरला गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्याबद्दल पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला ठाण्याच्या किल्ल्यात कैद केलं. इंग्रजांनी फार विचार करून पहाऱ्यावर फक्त गोरे शिपाई ठेवले. हेतू हा की देशी शिपाई फितूर व्हायला नकोत. मग एक मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा नोकर, रोज त्या खिडकीखालून घोडा फिरवायचा आणि गाणं म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं, नोकर गातोय. गाण्यात पळून जायचा बेत होता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. काही वर्षांनी भारतात फिरलेल्या बिशप हेबर यांनी ही हकीकत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली.

नीट पाहिलं तर हा संपूर्ण सिग्नलचा धडा आहे. निरोप पाठवायला तार लागली नाही, कागद लागला नाही. निरोप सगळ्यांच्या समोरून गेला. तो लपला होता भाषेत. फितुरी टाळण्यासाठी इंग्रजांनी भाषा जाणणारी माणसं काढली आणि त्याच निर्णयाने स्वतःचे कान बंद करून घेतले.

नेमका उलटा प्रसंग १९९९ मधला. कारगिल युद्ध चालू असताना पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीतल्या जनरल अझीझ यांच्याशी साध्या फोनवर बोलले. २६ आणि २९ मे ची ही बोलणी भारताच्या गुप्तचरांनी पकडली आणि ११ जूनला सरकारने ती जाहीर केली. घुसखोरीमागे पाकिस्तानी सैन्यच आहे हे जगासमोर आलं. पण जाहीर करताच ती वाट बंद होणार हेही उघड होतं. एकदा खिडकीखालचं गाणं कळलं की पुन्हा कोणी तिथं गात नाही. बातमी वापरावी की जपावी, हा या धंद्यातला सर्वांत कठीण प्रश्न आहे.

बारा हेर आणि एक देश

लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट मला हे वाचताना नव्याने कळली. बायबलच्या 'गणना' या पुस्तकात मोशे कनान देश पाहायला बारा माणसं पाठवतो. चाळीस दिवस ते देश हिंडतात. फळं घेऊन परत येतात. देश सुपीक आहे यावर बाराही जणांचं एकमत. शहरांना तटबंदी आहे, माणसं धिप्पाड आहेत, यावरही एकमत. पण दहा जण म्हणतात, आपल्याला जमणार नाही, आणि यहोशवा नि कालेब म्हणतात, जमेल. पाहिलेलं सगळ्यांचं एकच, निष्कर्ष दोन.

वर्गात आम्हाला ही श्रद्धेची गोष्ट म्हणून शिकवली होती, आणि ती आहेच. पण ती बातमीचीही गोष्ट आहे. त्या दहा जणांनी जे पाहिलं ते आणि त्यांना जी भीती वाटली ते, एकाच वाक्यात मिसळून सांगितलं. ऐकणाऱ्या लोकांना दोन्ही वेगळं करता आलं नाही, आणि छावणीत रात्रभर रडारड झाली. म्हणून गुप्तवार्तेचं काम करणाऱ्यांना पहिला नियम शिकवला जातो : पाहिलेलं वेगळं सांगा, वाटलेलं वेगळं सांगा.

निरोप्यांनाही आमच्या धर्मात जागा आहे. मरियेला निरोप देणारा गाब्रिएल दूत हा दूरसंचाराचा आश्रयदाता, असं पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये जाहीर केलं. शुभवर्तमानातला तो प्रसंग पाहा. मरिया निरोप ऐकून लगेच 'हो' म्हणत नाही. आधी विचारते, हे कसं होईल? दूत रागावत नाही, समजावून सांगतो. चांगल्या निरोप्याला उलट प्रश्नाचा राग येत नाही.

आजची वाट

आता दादासारख्या मुलामुलींसाठी थोडं कामाचं. सिग्नल किंवा इंटेलिजन्समध्ये अधिकारी होण्यासाठी बारावीनंतर पुण्याजवळ खडकवासल्याची एनडीए, पदवीनंतर सीडीएस परीक्षा, इंजिनिअर असाल तर तांत्रिक प्रवेश, एनसीसीचं सी प्रमाणपत्र असेल तर वेगळा प्रवेश, अशा वाटा आहेत. जवळजवळ सगळ्या वाटा एसएसबीच्या पाच दिवसांतून जातात. आमच्या भागाला जवळचं केंद्र भोपाळ. तिथं चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, गटात बोलायला लावतात. साहित्याच्या मुलांनी घाबरू नये असा हा भाग आहे.

निवड झाली की आधी डेहराडून, चेन्नई वगैरे ठिकाणच्या अकादमीत प्रशिक्षण, मग शाखेचं. सिग्नलच्या अधिकाऱ्यांची मोठी शाळा मध्य प्रदेशातच आहे, महूला. जवानांची प्रशिक्षण केंद्रं जबलपूरला आणि गोव्यात. लेफ्टनंट म्हणून सुरुवात, दोन वर्षांनी कॅप्टन, सहाव्या वर्षी मेजर, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. त्यापुढे मुख्यतः निवड लागते. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना दहा वर्षं, आणि चार वर्षांची मुदतवाढ मिळू शकते.

मुलींसाठी सांगते. वैद्यकीय सेवेबाहेर स्त्रिया अधिकारी म्हणून १९९२ पासून सैन्यात आहेत. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दहा शाखांमध्ये स्त्रियांच्या कायम नेमणुकीचा मार्ग मोकळा झाला. सिग्नल आणि इंटेलिजन्स या दोन्ही त्यात आहेत. एनडीएतही २०२२ पासून मुली आहेत.

सिग्नल कोअरचं बोधवाक्य आहे 'तीव्र चौकस'. दादाने ते मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आमच्यात वाद झाला. तो म्हणाला, चौकस म्हणजे सावध. मी म्हटलं, नाही, चौकस म्हणजे विचारपूस करणारा, सतत प्रश्न विचारणारा. दोघंही बरोबर होतो. त्याने हिंदी अर्थ धरला होता, मी मराठी. घरात मराठी आणि तहसिलात हिंदी असणाऱ्या माणसांचा हा नेहमीचा घोळ. पण या एका शब्दात दोन्ही भाषांचा अर्थ लागू पडतो. निरोप पोचवणाऱ्याने सावध असावं, ऐकणाऱ्याने चौकस.

त्या रात्री फोन कटल्यावर मी परत लावायला हवा होता. नसता लागला तर मेसेजमध्ये लिहायला हवं होतं : 'पांढुर्णा म्हणाले, पण शहर की जिल्हा ते कळलं नाही.' चार शब्द जास्त लागले असते. बाबांनी एक गाडी इकडे आणि एक तिकडे पाठवली असती.

आता आमच्या ग्रुपवर एक पद्धत पडली आहे. कोणी 'पांढुर्ण्यात आहे' असं टाकलं की खालून कोणीतरी लगेच विचारतं, "कोणतं पांढुर्णा?" परवा हा प्रश्न काकांनी विचारला. दादाने एसएसबीचं पत्र आल्याचं कळवलं होतं आणि लिहिलं होतं, 'पत्र पांढुर्ण्यात आलंय.'

"शहरात का जिल्ह्यात, ते सांग आधी," काकांनी लिहिलं. "मंग मी गाडी काढतो."